एका रात्रीचा प्रश्न : प्रस्तावना

मद्यपानाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कीर्तनकार, समाजसुधारक, नाटककार, कायदेपंडित आणि आबकारी खात्याचे अहवालकार या सर्वांनी आपापल्या परीने हा विषय हाताळला असून, त्या साऱ्या वाङ्मयातून आपल्या मनावर जे चित्र उमटले आहे ते असे की, घरातला कर्ता पुरुष पिऊ लागतो, संसार वर्षानुवर्षे खचत जातो, पत्नी सोसत राहते आणि मूल उपाशी झोपते. या चित्रात मुलाची जागा आधीच ठरून गेलेली आहे; दारूचे परिणाम भोगणे एवढेच त्याच्या वाट्याला येते. ज्या मुलाच्या पोटात स्वतःच दारू गेली आहे, मग ती अजाणता गेलेली असो, कुतूहलाने वा मित्रांच्या पैजेखातर घेतलेली असो, किंवा वडीलधाऱ्यांनीच चमच्याने पाजलेली असो, आणि जे या क्षणी अंथरुणावर निपचित पडले असून हाक मारली असता नीट ओ देत नाही, त्या मुलाला या चित्रात कोठेही स्थान नाही. प्रस्तुत संग्रह त्या मुलाविषयी आहे.

व्यसन आणि तीव्र मद्यबाधा या दोन भिन्न गोष्टी होत, हे प्रारंभीच सांगणे अगत्याचे आहे. व्यसन जडण्यास वर्षे लागतात. तीव्र मद्यबाधेला एक संध्याकाळ पुरते, आणि ज्याने आयुष्यात पूर्वी थेंबही चाखलेला नाही त्यालाच तिचा धोका अधिक. आपला सारा दारूविचार पंचांगाच्या हिशेबाने चालत आला, कारण तो कुळाच्या नाशाचा, कर्जाचा, यकृताच्या ऱ्हासाचा विचार होता. बालकाचा प्रश्न मात्र घड्याळाच्या हिशेबाने सुटतो किंवा बिघडतो. या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे नीतिशास्त्र, कायदा, साहित्य आणि काही अंशी वैद्यकही बालकापुरते अपुरे राहिले, असे मला वाटते.

ही प्रस्तावना झाशीच्या नगरा भागातून लिहिली जात आहे, आणि मराठी ग्रंथाची प्रस्तावना इतक्या दुरून यावी याचे कोणास नवल वाटू नये म्हणून दोन शब्द. अठराव्या शतकात नारो शंकरांच्या सुभेदारीपासून नेवाळकरांच्या अमलापर्यंत मराठी घराणी या शहरात आली व स्थिरावली. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर आणि १८५८ च्या विध्वंसानंतर त्यांतील कित्येक पांगली, काही टिकली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियन मिडलंड रेल्वेचा लोहमार्ग आणि तिचा कारखाना येथे झाला, तेव्हा कारागीर, कारकून आणि मजूर अशी नवी वस्ती लोहमार्गाच्या आसऱ्याने वाढली. नगरा रेल्वेच्या शेजारचे आहे, आणि पाळीवर काम करणाऱ्या माणसांच्या कोणत्याही वस्तीप्रमाणे येथेही दारूचा प्रश्न घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. शिवाय झाशी हा सीमेवरचा जिल्हा आहे; दतियाकडे वा ओरछाकडे निघालेला मनुष्य थोड्याच अवधीत उत्तर प्रदेश सोडून मध्य प्रदेशात, अर्थात् एका आबकारी अमलातून दुसऱ्यात, प्रवेश करतो, आणि जेथे दोन राज्यांचे दर भिन्न असतात तेथे बाटली स्वस्ताकडून महागाकडे चोरवाटेने जातेच.

बुंदेलखंडात आणखी एक प्रवाह आहे, तो मोहाचा. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की ती वेचण्याच्या कामी मुले असतातच; फूल वाळते, आंबते, आणि कोठे कोठे घरामागच्या चुलीवर त्याची कच्ची दारू गळते. कबुतरा या जमातीवर तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळापासूनचा शिक्का इतका खोल बसला की, दारू गाळणे हाच त्यांचा धंदा आणि तोच त्यांचा गुन्हा असे समीकरण होऊन गेले. याच मातीतल्या हिंदी लेखिका मैत्रेयी पुष्पा यांनी ‘अल्मा कबूतरी’ या कादंबरीत त्या जिण्याचा विषय केला आहे. ज्या घरात भट्टी हेच उपजीविकेचे साधन, त्या घरात मुलाला दारू ही तेलामिठासारखीच परिचयाची असते; आणि ज्या घरात ती कपाटात कुलपाआड असते, त्या घरात ती कुतूहलाचा विषय होते. वाटा भिन्न असल्या तरी दोन्ही घरांतले मूल अखेर एकाच रुग्णालयाच्या एकाच खाटेवर येते, आणि उपचार करणाऱ्याला दोघांचेही रक्त सारखेच तपासावे लागते.

या खाटेवर येणाऱ्या मुलांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग पाच वर्षांखालील अजाण बालकांचा. पेल्यात उरलेली दारू, पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेली देशी, कलोन, तोंड धुण्याची औषधी द्रवे, आणि अलीकडे हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर, यांपैकी काहीही ते तोंडाला लावते. दुसरा वर्ग मोठ्यांनी आपल्या हाताने दिलेल्या मद्यार्काचा. सर्दी झाली म्हणून ब्रँडीचे थेंब, दात येताना हिरड्यांना बोट, ताप उतरावा म्हणून स्पिरिटच्या पट्ट्या, हे उपचार आपल्या चांगल्या चांगल्या घरांतून होत आले आहेत, आणि स्पिरिटची वाफ श्वासावाटे व काही प्रमाणात त्वचेवाटेही तान्ह्या मुलाच्या अंगात भिनू शकते हे त्या घरांना कोणी सांगितलेले नव्हते. १८५१ मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी प्रचारात आणलेल्या आणि पुढे आपल्याकडेही घरोघर पोचलेल्या ग्राइप वॉटरमध्येसुद्धा मुळात मद्यार्क होता. आज ते मद्यार्करहित मिळते, परंतु कित्येक पिढ्यांची तान्ही मुले त्या बाटलीवर शांत झोपली, त्या शांततेत बाळंतशेपेचा वाटा किती आणि मद्यार्काचा किती हे कोणी पाहिले नाही. तिसरा वर्ग बारा-तेरा वर्षांपुढील किशोरांचा, जे समजून उमजून पितात, पण किती प्यायले हे ज्यांना समजत नाही.

दुसऱ्या वर्गाचे एक उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक असलेच पाहिजे. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पल्स पोलिओच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, त्यांना रुग्णालयात हलवावे लागले, आणि सुदैवाने सर्व बालके बरी झाली. या घटनेची चर्चा निष्काळजीपणाच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. परंतु जो द्रव हातावर चोळण्यास दिला जातो त्यात साठ-सत्तर टक्के मद्यार्क असतो, म्हणजे तो कोणत्याही दुकानी दारूहून कडक असतो, आणि तो आता प्रत्येक शाळेच्या व दवाखान्याच्या दाराशी मुलाच्या हाताच्या उंचीवर ठेवलेला असतो, हा त्यातला दुसरा धडा विस्मरणात गेला.

मुलाच्या शरीरात काय घडते हे जाणून घेण्यास थोडे गणित पुरेसे आहे. ४२.८ टक्के मात्रेच्या दारूच्या ३० मिलिलिटर मापात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. तो शरीरातील जलांशात पसरतो, आणि म्हणून शरीर जितके लहान तितकी रक्तातील तीव्रता मोठी, हे सूत्र स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रशुद्ध मांडले. ६५ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्या एका मापाने दर १०० मिलिलिटरला वीस-पंचवीस मिलिग्रॅम मद्यार्क येईल, म्हणजे मोटार वाहन कायद्याने चालकासाठी आखलेल्या ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या तो अलीकडेच राहील. तेच माप १५ किलोच्या मुलाच्या पोटात गेले तर आकडा शंभराच्या घरात, त्या मर्यादेच्या तिपटीहून वर, जातो. ज्याला बैठकीत कोणी एक माप म्हणूनही मोजणार नाही, तेवढ्याने बालकाची शुद्ध हरपू शकते.

परंतु खरी भीती या आकड्यापेक्षा त्याच्या मागून येणाऱ्या तीन गोष्टींची आहे. यकृत मद्यार्काचा निचरा करण्यात गुंतले की नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम थंडावते. प्रौढाजवळ साठा असतो, मुलाजवळ तो थोडा असतो, आणि ते उपाशी असेल तर जवळजवळ नसतोच, म्हणून रक्तातील साखर काही तासांनी, कित्येकदा पहाटे, एकदम उतरते आणि झटके येतात. दुसरे, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडून शरीराची ऊब निघून जाते, अंग गार पडते. तिसरे, गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, झोपेत उलटी होते, ती श्वासनलिकेत जाते, आणि श्वासाची गती स्वतःच क्षीण होत जाते. या तिन्ही गोष्टी झोपेच्या सोंगाने येतात. झाशीत ‘सो जाने दो, सुबह तक उतर जाएगी’ आणि पुण्यात ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ असे म्हणून दार लोटून घेतले जाते तेव्हा, पोटात उरलेली दारू अजून रक्तात चढतच असते आणि शेवटच्या घोटानंतरही काही काळ तीव्रता वाढत राहते, हे त्या घराला ठाऊक नसते. लिंबू, ताक, कडक कॉफी यांनी यकृताचा वेग वाढत नाही. बळेच उलटी करविण्याने फुप्फुसाला धोका होतो. गार पाण्याखाली धरल्याने आधीच गार होत चाललेले अंग आणखी गारठते. उपाय साधे आहेत, परंतु ते रुग्णालयातले आहेत: कुशीवर वळविणे, श्वास राखणे, साखर तपासून शिरेतून देणे, ऊब देणे आणि डोळ्यात तेल घालून पाहणे. आणि दारूचा वास आला म्हणून निदान संपले असेही नाही, कारण प्यालेले मूल जिन्यावरून पडून डोक्याला मार लागलेलेही असू शकते, किंवा त्याने दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही घेतलेल्या असू शकतात.

या ज्ञानाची वाट कशी घडत आली, हे आता पाहू. प्राचीनांना मद्याची तीव्र बाधा अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययाला स्वतंत्र अध्याय आहे आणि मदाच्या चढत्या अवस्थांचे वर्णनही आहे. तथापि त्या वर्णनातला पिणारा प्रौढ गृहस्थ आहे. इंग्रजी अमलात हा विषय वैद्याकडून महसुलाकडे गेला. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा, भट्ट्यांचे केंद्रीकरण, दुकानांचा लिलाव, मोहाच्या फुलांवर स्वतंत्र निर्बंध, या साऱ्यांत सरकारचे लक्ष किती दारू कोणत्या दराने खपली याकडे होते. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात दारूची दुकाने वाढविण्याला हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दुकानांसमोर निरोधन झाले. आणि १९१९ मध्ये गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, ज्यात मद्यधुंद पित्याच्या हातून तान्हे मूल दगावते. महाराष्ट्राने त्या मुलासाठी अश्रू ढाळले, आणि मुलाचा व दारूचा संबंध एवढाच असतो अशी त्याची समजूत त्या अश्रूंबरोबरच पक्की झाली.

पुढचा टप्पा दारूबंदीचा. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी जारी केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदी हे राज्याचे धोरण म्हणून नोंदविले. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बव्हंशी कायम ठेवला, परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यावरची बंदी अवाजवी ठरवून रद्द केली. न्यायदृष्ट्या तो निर्णय रास्तच होता. पण बालकाच्या बाजूने पाहिले तर असे दिसते की, ज्या वस्तू त्याच्या हाताला सर्वांत आधी लागतात, त्या कलोन, टॉनिक आणि स्पिरिटच्या बाटल्या दारूच्या व्याख्येबाहेर जाऊन घरच्या फळीवर निर्धास्त बसल्या, आणि दारूच्या बाटलीविषयी जो सावधपणा घरात होता तो त्यांच्याविषयी कधी आला नाही.

आज या क्षेत्रात जे विचारसंप्रदाय नांदतात ते साधारणतः पाच होत. पहिला नीतिवादी, त्याने लोकमत जागे केले, परंतु त्याच्याच शिकवणुकीने पिणे हे पाप ठरले आणि पाप झाकण्याची प्रवृत्ती घराघरात बळावली. दुसरा शासनवादी, जो परवाना, वयोमर्यादा, हद्द आणि दंड यांच्या भाषेत बोलतो. उत्तर प्रदेशात २१ वर्षे, महाराष्ट्रात सौम्य पेयांना २१ व कडक दारूला २५, गोव्यात १८, अशी त्याची रेषा राज्यागणिक सरकते, आणि ज्या राज्याने ती रेषा आखली तेच राज्य महसुलासाठी दुकानांकडे पाहते. एकट्या उत्तर प्रदेशाचे आबकारी उत्पन्न २०२३-२४ या वर्षात ४५ हजार कोटी रुपयांच्या घरात गेले, आणि एवढ्या रकमेकडे पाठ फिरविणे कोणत्याही मंत्रिमंडळाला सोपे नाही. तिसरा विषशास्त्रीय, विडमार्कांच्या परंपरेचा, जो मात्रा, तीव्रता आणि निचरा यांचे मोजमाप करतो. त्याच्याविना बालकाचा जीव वाचत नाही, परंतु सकाळी मूल घरी गेले की त्याचे काम संपते. चौथा व्यसनाला आजार मानणारा. १९३५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसपासून, १९६० मधील जेलिनेक या अभ्यासकाच्या ग्रंथातून, तो १९८६ मध्ये पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत आला. त्याने व्यसनी माणसाला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून काढून रुग्णाच्या खाटेवर आणले, हे त्याचे फार मोठे उपकार; पण एकदाच प्यालेला तेरा वर्षांचा मुलगा व्यसनी नसतो, म्हणून तो या व्यवस्थेच्या दारातून आत जात नाही.

पाचवा संप्रदाय सार्वजनिक आरोग्याचा. एकूण समाजात दारू जितकी सुलभ आणि स्वस्त, तितकी तिची हानी अधिक, हे त्याचे सूत्र १९७० च्या दशकात युरोपात मांडले गेले आणि २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धोरणात उतरले. आपल्याकडे गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या सहभागाने झालेल्या चळवळीतून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, ते याच विचाराचे मराठी रूप होय. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविली गेली, हे त्याच्या मर्यादेचे उदाहरण म्हणता येईल, किंवा राजकीय इच्छेच्या मर्यादेचे. बंदी कोणाची, किती आणि कोणाच्या हातून, हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि या संग्रहातील लेखकांतही त्यावर मतैक्य नाही.

या पाचांखेरीज एक तरुण प्रवाह बालरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने युरोपात निघाला आहे, आणि त्याची ओळख मराठी वाचकाला करून देणे हा या संग्रहाचा एक मुख्य हेतू आहे. हॉलंडातील डेल्फ्ट येथे २००६ मध्ये, दारूने बेशुद्ध होऊन आलेल्या किशोरांसाठी रुग्णालयात स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. शुद्धीवर आलेल्या मुलाला सकाळी घरी धाडून न देता त्याला व त्याच्या आईबापांना पुन्हा बोलावायचे, काय घडले ते शांतपणे ऐकायचे, आणि पुढील महिन्यांत त्याच्या प्रकृतीकडे व अभ्यासाकडे लक्ष ठेवायचे, असा त्याचा क्रम. जर्मनीत ‘हाल्ट’ या नावाच्या उपक्रमात समुपदेशक रुग्णालयातील खाटेजवळच मुलाशी पहिला संवाद करतो, कारण त्या सकाळी मूल आणि पालक दोघेही जितके ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात तितके पुढे क्वचितच असतात. हॉलंडने २०१४ मध्ये दारूविक्रीची किमान वयोमर्यादा १६ वरून १८ वर नेली. या प्रवाहाचे वैशिष्ट्य असे की, तो एका रात्रीच्या घटनेला व्यसनही म्हणत नाही आणि क्षुल्लकही मानत नाही. तो तिला एक संधी समजतो.

हा विषय आजच का, असे कोणी विचारील. भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते १७ वयोगटातील १.३ टक्के मुले दारू घेतात. प्रौढांत हेच प्रमाण १७.१ टक्के. पहिला आकडा लहान वाटतो, परंतु आपल्या देशात त्या वयाची मुले किती आहेत हे आठवले की त्याचे ओझे कळते. शिवाय ज्या दोन वर्षांच्या मुलाने पेला तोंडाला लावला ते या मोजणीत नाहीच. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३५ शहरांतील, आधीच कोणता ना कोणता नशेचा पदार्थ घेणाऱ्या चार हजारांवर मुलांची पाहणी झाली, आणि त्यांतील ६७.७ टक्क्यांनी दारू घेतलेली आढळली. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून घबराट उत्पन्न करणे सोपे आहे. पहिला सर्व मुलांचा आणि दुसरा नशेत सापडलेल्या मुलांचा, एवढे भान ठेवल्यास दोन्ही उपयोगी पडतात. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वयाच्या पंधराव्या वर्षाआधी पिण्यास आरंभ केलेल्यांत पुढे व्यसनाधीनतेचे प्रमाण विशीत आरंभ करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. लवकर पिणे हेच त्याचे कारण की लवकर पिण्यास भाग पाडणारी परिस्थिती, याविषयी विद्वानांत वाद आहे, परंतु दोन्ही पक्षी मुलाकडे लवकर लक्ष जाणे हितावहच ठरते.

आणि मग पुणे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव चालविलेल्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. त्याआधी तो मित्रांसह मद्यालयांत बसला होता असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितला म्हणून देशभर संताप उसळला, आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या संतापात श्रीमंती, न्याय आणि भ्रष्टाचार यांची चर्चा पुष्कळ झाली. कायदेशीर वयाच्या कितीतरी आत असलेल्या मुलापुढे पेला ठेवणारे हात किती आणि कोणाचे, हा प्रश्न त्या मानाने लवकर मागे पडला. वस्तुतः २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७७ वे कलम बालकाला वैद्यकीय सल्ल्याखेरीज मादक पेय देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते, आणि ७८ वे कलम बालकाकरवी दारूची ने-आण करविण्यालाही तेवढीच शिक्षा ठेवते. ‘जा रे, कोपऱ्यावरून एक पव्वा घेऊन ये’ असे पोराला सांगणारे काका-मामा प्रत्येक वस्तीत आहेत, नगऱ्यातही आहेत. आपण फौजदारी गुन्हा करीत आहोत अशी पुसट शंकाही त्यांना नसते.

येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो, तो गाभा म्हणजे विलंब. मूल बेशुद्ध पडते तेव्हा घर प्रथम शेजाऱ्यांचा विचार करते, मग पोलिसांचा, आणि मग रुग्णालयाचा. रुग्णालयात पोचल्यावरही ‘बाहेरचे काहीतरी खाल्ले’, ‘उन्हात खेळत होता’, अशी कैफियत दिली जाते, कारण विषबाधेची नोंद झाली की दरोगा येईल, जबानी होईल, मुलीच्या बाबतीत तर तिचे लग्न अडेल, अशी धास्ती असते. प्यालेल्या मुलीवर अत्याचार झालेला असण्याची शक्यता तपासावी लागते, आणि तोच प्रश्न विचारला जाऊ नये म्हणून तिला उशिरा आणले जाते. बनावट दारूच्या बाबतीत तर या विलंबाची किंमत डोळ्यांनी किंवा प्राणांनी मोजावी लागते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे मेली, आणि मिथेनॉलची लक्षणे कित्येक तास लपून राहतात, त्यावर उतारा असतो पण तो वेळेत द्यावा लागतो. ७७ व्या कलमाची शिक्षा पाजणाऱ्याला आहे, प्यालेल्या बालकाला नाही, एवढी एक गोष्ट जरी घरोघर माहीत झाली तरी पुष्कळ दारे वेळेवर उघडतील.

हा संग्रह म्हणूनच कोणा एका संप्रदायाचा ध्वज घेऊन निघालेला नाही. त्यात वैद्य आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, व्यसनमुक्तीच्या कामात केस पांढरे झालेले कार्यकर्ते आहेत, आणि स्वतः त्या रात्रीतून गेलेले काही पालकही, नाव न देण्याच्या अटीवर, आहेत. संपादकांनी त्यांच्यापुढे एकच बंधन ठेवले: मुलाकडे त्याच्या वयाने पाहावे. तीन वर्षांच्या बालकाला उपदेशाचा उपयोग नाही, त्याच्यासाठी उंच फळी आणि कुलूप हवे. दहा वर्षांच्या मुलाला भीती घालण्यापेक्षा ‘तुझा मित्र उठत नसेल तर मोठ्या माणसाला हाक मार, तुला कोणी रागावणार नाही’ हे शिकविलेले अधिक मोलाचे. सतरा वर्षांच्या मुलाशी मात्र बरोबरीच्या नात्याने बोलावे लागते, कारण तो दुटप्पीपणा तत्काळ ओळखतो आणि घरातली बाटली त्याने पाहिलेली असते.

वाचकाने या पुस्तकाकडून दोन अपेक्षा ठेवू नयेत. दारूबंदी असावी की नसावी याचा निकाल त्यात लागलेला नाही. आणि घरगुती उपचारांचे हे पुस्तक नव्हे. पहिले प्रकरण वाचून कोणी आपल्या बेशुद्ध मुलावर घरीच इलाज करू पाहील, तर त्याने पुस्तक उलटे वाचले असे होईल. जे आहे ते असे की, आतापर्यंत चार निरनिराळ्या दप्तरांत पडलेली माहिती, बालरोगविभागाची, न्यायालयाची, शाळेची आणि आबकारीची, मराठीत प्रथमच एकाच मुलाभोवती गोळा करण्याचा येथे यत्न झाला आहे. काही लेख कठीण आहेत, काहींत पुनरुक्ती आहे, बुंदेलखंडाविषयीचा भाग माझ्या मते अधिक विस्तृत हवा होता. तरी पुढील अभ्यासकाला पाय रोवण्याइतकी भूमी येथे तयार झाली आहे.

शेवटी, हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्या तीन प्रकारच्या वाचकांना एक विनंती. आईबापांनी त्या रात्री डॉक्टरांना खरे सांगावे, काय, किती आणि केव्हा, आणि जमल्यास बाटलीही सोबत न्यावी. डॉक्टरांनी उपदेश सकाळसाठी राखून ठेवावा. आणि पोलिसांनी चौकशीचा आरंभ मुलापासून न करता विक्रेत्यापासून करावा. विक्रेत्याचा जबाब उद्या घेता येतो, निबंधही उद्या लिहविता येतो. मुलाच्या रक्तातील साखर मात्र आताच पाहावी लागते. कामांचा एवढा क्रम जरी आपल्या समाजाच्या अंगवळणी पडला, तरी या संग्रहाचे प्रयोजन सिद्ध झाले असे मी मानीन.

नगरा, झाशी